माझी दृष्ट आणि जर्मनीतले बंब

मी जर्मनीला शिकायला गेलो, त्याच्या चौथ्या दिवशी आमच्या सावेडीच्या घरात माझी जागा भरण्यात आली.

जागा भरणाऱ्याचं नाव सोपान. शेवगावजवळच्या खेड्यातलं पोर, नगरला पॉलिटेक्निकला आलेलं. "खोली नुसती धूळ खात पडली असती," आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली. (चार दिवसांत अशी किती धूळ बसते हो?) तिच्या मागे माझ्या पलंगावर, माझी सोलापुरी चादर पायांवर घेऊन तो बसला होता.

"नमस्कार दादा! लई भारी खोली हाय तुमची."

'तुमची' म्हणाला, एवढाच काय तो दिलासा!

इकडे लाइपझिगच्या वसतिगृहात मी पहिल्याच दिवशी दही समजून व्हॅनिलाचं काहीतरी गोड आणलं आणि त्याची कढी केली. ती मी एकट्यानं संपवली, कारण टाकायची तर कुठल्या रंगाच्या कचरापेटीत टाकायची हे ठरेना. त्यानंतर मी पावावर जगत होतो.

इकडे संध्याकाळचे पाच वाजले की तिकडे घरी जेवणं सुरू होत. आई फोन तेलाच्या बरणीला टेकवून ठेवायची. समोर सोपान. त्याच्यापुढे ताट. ताटाच्या कडेवर माझं नाव कोरलेलं!

"आई, शेंगोळ्या? मी होतो तेव्हा महिन्यातून एकदा करायचीस!"

"तू नाक मुरडायचास. हा मागून घेतो."

"काकू, आजून थोडा रस्सा वाढा," सोपान म्हणाला आणि मग फोनकडे बघून, "दादा, तुमी जेवले का?"

मी नुसता जळत होतो. खोटं कशाला बोलू? आईवर एकट्याचा हक्क सांगत मी बावीस वर्षं काढली होती आणि हा पठ्ठ्या तिसऱ्याच दिवशी दुसऱ्या वाढीला पोचला होता! मी रोज त्याचा घास न् घास मोजायला लागलो. परवा तीन भाकरी. काल साडेतीन. वर खर्डा.

आठव्या दिवशी सोपान पोट धरून बसला.

"एवढं धडधाकट पोर," आई हळहळली, "कुणाची तरी दृष्ट लागली बघ."

मी स्क्रीनवरची नजर काढून माझ्या खोलीच्या छताकडे बघायला लागलो.

आईनं मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या आणि सोपानवरून ओवाळायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, शेजारपाजाऱ्याची, पापी-चांडाळाची…" एवढ्यात तिची नजर फोनवर पडली. मग ठणकावून म्हणाली, "…आणि लांब बसून ताटात बघणाऱ्याची!"

मिरच्या तव्यावर पडल्या. कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही.

"बघ, वाससुद्धा नाही! केवढी जबर दृष्ट होती!" आई म्हणाली. दहा मिनिटांत सोपाननं भाकरी मागितली.

कुणाही भल्या माणसाला इथं शरम वाटली असती. मला हेवा वाटला! माझी दृष्ट शेवटची काढली होती ती दहावीला.

"आई, माझीपण काढ ना."

"फोनवरनं कशी काढू? बॅगेत मिरच्या दिल्यात, काढ तुझी तू. आणि काम होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही!"

मी सामायिक स्वयंपाकघरात गेलो. फोन खिडकीत उभा केला. एका हातानं स्वतःभोवती मूठ फिरवताना बरगडीत चमक भरली, पण गप्प राहिलो. मग शेगडी पूर्ण तापवली आणि मूठभर मिरच्या (आई दोनच घेते, पण मला जास्त लागली असणार!) तव्यावर टाकल्या.

धूर झाला. छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. शेजारच्या खोलीतला पोरगा धावत आला. "काय झालं? आग कुठंय?" असं तो जर्मनमध्ये, इंग्रजीत आणि शेवटी हातवाऱ्यांनी विचारत होता. मी तोंड घट्ट मिटून मान हलवत होतो. त्याला वाटलं, माझी वाचा गेली! त्यानं मला उचलूनच बाहेर नेलं. मी जाताजाता फोन तेवढा ओढला.

पाच मिनिटांत अख्खी इमारत रस्त्यावर. चाळीसेक माणसं, कुणी स्लिपरवर, एकीच्या डोक्याला शाम्पूचा फेस! दोन बंब आले. धिप्पाड जवान आत गेले आणि डोळे पुसत बाहेर आले.

"काय शिजवत होतास?" त्यांच्या साहेबानं विचारलं.

"भाजी," मी म्हणालो. सगळं समजावून सांगण्याइतकं माझं जर्मन झालं नव्हतं. मराठीतही जमलं नसतं.

फोनवर आई आणि सोपान डोक्याला डोकं लावून बघत होते.

"आई, चार मजले खोकतायत गं!"

"काय सांगतोस! एवढा ठसका?" आईचा चेहरा उजळला. "मग चांगलंच झालं की. एवढा ठसका लागला म्हणजे तुला कुणाची दृष्ट लागलेलीच नाही!"

"व्हय दादा," सोपान मायेनं म्हणाला, "तुमचा कोन हेवा करनार? निर्धास्त ऱ्हावा."

परदेशात पाऊल ठेवल्यापासून सगळ्या नातेवाइकांनी जळावं म्हणून मी रोज चार फोटो टाकत होतो. एकालाही हेवा वाटला नव्हता आणि त्याचा पुरावा म्हणून अख्खी इमारत रस्त्यावर खोकत उभी होती!