व्याख्यानाचा राहिलेला भाग

फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते आणि मी पुण्यात, आमच्या प्रयोगशाळेत, हातमोजे घालून पेशींच्या बशा इनक्युबेटरमधून बाहेर काढत होते. मामी कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, त्यामुळे नाव पाहूनच मी बशा खाली ठेवल्या. "वैशू, तुजे मामा गेले," ती म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "जेवून गेले. सकाळी अर्धी भाकरी खाल्ली दुधात कुस्करून, अन् मंग गेले." शेजारी उभ्या असलेल्या कुणाला हे ऐकू गेलं असतं तर बाईला धक्का बसलाय, असंच वाटलं असतं. मला मात्र ती काय सांगत होती ते नेमकं कळलं. ती मला सोडवत होती… निदान मी तरी तसं समजले. या गोष्टीला आता दीड महिना होईल. मामांबद्दल लिहायचं तर त्या अर्ध्या भाकरीबद्दलच लिहायला हवं, कारण ती भाकरी मीच त्यांच्या ताटातून काढून घेतली होती.

दत्तात्रयमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. गळीत हंगामात ऊस आला की त्याचा रस तपासायचा, त्यात साखर किती ते सांगायचं, आणि आज साखरेचा उतारा का घसरला म्हणून वरच्यांनी विचारलं की शांतपणे कागद पुढे करायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं. त्यांच्या शर्टाला मळीचा वास यायचा आणि मामी तो शर्ट इतर कपड्यांत भिजवायची नाही. दिवाळीच्या सुट्टीत ते मला प्रयोगशाळेत घेऊन जायचे, उंच स्टुलावर बसवायचे आणि नळीतला रस दाखवायचे. तिथल्या वहीत खोडरबर चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, खाली सही. एकदा मी विचारलं, नीट खोडून का टाकत नाही? तर म्हणाले, चूक वाचता आली पाहिजे, नाहीतर दुरुस्ती कशाची केली ते कळणार कसं. मी आज जी काही शास्त्रज्ञ आहे ती त्या स्टुलावरून उतरलेली आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण ते लगेच गावभर सांगत सुटले असते.

माझं काम काय, हे त्यांनी माझ्या आईपेक्षा लवकर समजून घेतलं. आपल्या रक्तात पहारा करणाऱ्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या काय खातात, खाल्लेल्याचं काय करतात, आणि कर्करोगाच्या गाठीत शिरल्यावर त्या अचानक थकतात का, हे आम्ही शोधतो. मामांना हे इतकं आवडलं की काही वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः शिकलेल्या शाळेत माझं व्याख्यान ठेवायला लावलं. हॉल भरला होता. मी म्हणाले, कर्करोगाची पेशी भयंकर हावरी असते, शेजारच्या साध्या पेशींच्या कितीतरी पट साखर ती एकटी फस्त करते. ऊसवाल्यांचं गाव ते! आधी हशा पिकला आणि मग टाळ्या. मला टाळ्या आवडतात, हे कबूल करते. त्यापुढचा भाग माझ्याकडे तयार होता, पण वेळ संपत आली होती, लोक खूश होते, आणि मी तिथेच आवरतं घेतलं. मामा पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते.

त्यानंतर दोन वर्षांनी मामांच्याच आतड्यात गाठ निघाली. नगरला ऑपरेशन झालं, केमोथेरपी सुरू झाली. मी फोन केला की "एकदम झकास" म्हणायचे आणि माझ्या प्रयोगांची चौकशी करायचे. मीही मूर्ख, त्यांचं ऐकून उंदरांच्या गोष्टी सांगत बसायचे. मग एक दिवस मामीचा फोन आला. वजन फार उतरलंय म्हणून डॉक्टरांनी केमोचं सलाईन न देताच परत पाठवलं, पुढच्या खेपेलाही असंच झालं तर उपचार थांबवावे लागतील म्हणाले. खात नाहीत का, विचारलं तर मामी म्हणाली, तूच येऊन बघ. मी त्याच दिवशी गाडी काढली आणि सुप्याला चहालासुद्धा न थांबता श्रीरामपूर गाठलं.

स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवला होता. मामांचं सुबक अक्षर. डावीकडे पदार्थ, उजवीकडे त्यातून पोटात किती साखर तयार होते त्याचा हिशेब. दुसरा कुणी असता तर चहातली साखर सोडून थांबला असता. मामा केमिस्ट! भाकरीचीही शेवटी साखरच होते, भाताचीही होते, हे त्यांना माहीत होतं. म्हणून भाकरी गेली, भात गेला, दूध गेलं, केळं गेलं. उरली पालेभाजी, काकडी आणि ताकाचं पाणी. डॉक्टर सगळं खा म्हणत होते, पण मामांच्या मते डॉक्टरांना हे नवं संशोधन ठाऊक नव्हतं. तक्त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'वैशालीच्या व्याख्यानावरून'. खुर्चीत मामा बसले होते, गालफडं आत गेलेली, आणि माझ्याकडे कौतुकाने बघत होते, माझ्या प्रयोगात तेही सामील झाल्यासारखे.

"गाठीला साखर लागती म्हनालीस ना," ते म्हणाले. "तिला उपाशी ठेवलीय."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि राहिलेला भाग सांगितला. पहाऱ्यावरच्या पेशी लढायला उठल्या की त्यांनाही तीच साखर लागते. गाठ तिथली साखर ओरबाडून घेते, भोवती आंबट पाणी सोडते आणि त्या पेशी उपाशी पडून थकतात, आमचं सगळं काम त्यावरच चाललंय. माणसाने जेवण सोडलं म्हणून गाठीची साखर बंद होत नाही, कारण शरीर अंगातलं मांस वितळवून रक्तात साखर पुरवतच राहतं. म्हणजे झिजता तुम्ही. मग मामांनीच ते आपल्या भाषेत मांडलं. "म्हंजे तण मरावं म्हनून मी शेताचं पानी तोडलं. आदी पीकच गेलं असतं." मी मान हलवली. तेवढ्यावर सुटले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी विचारलं, "मंग हे त्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

खोटं बोलता आलं असतं. वेळ संपली होती, हे अर्धं खरंही होतं. मी म्हणाले, "टाळ्या पडल्या, मामा. म्हणून थांबले." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसतं मामीला हाक मारून भाकरी टाकायला सांगितली. जेमतेम चतकोर खाल्ली, तीही दमत दमत. मी आणि मामी ताटाकडे बघायचं नाही असं ठरवून ताटाकडेच बघत होतो. तीन आठवड्यांनी काट्यावर वजन पुन्हा चढलं, सलाईन सुरू झालं आणि ठरलेले सगळे डोस पुरे झाले.

पुरे झाल्याबरोबर मामांनी शाळेला कळवून टाकलं की वैशाली पुन्हा बोलायला येतेय. मला विचारलंही नाही. मी कुरकुरले, चार लोकांत स्वतःची चूक सांगायला कुणाला आवडतं? पण गेले. हॉल या वेळी अर्धाच भरला होता. मामा टोपी घालून पहिल्या रांगेत. मी सुरुवातच अशी केली की मागच्या खेपेला मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आणि तिच्यापायी समोर बसलेला माणूस उपाशी मरायला निघाला होता. टाळ्या एकदाही पडल्या नाहीत. प्रश्न मात्र इतके आले की शिपायाने दिवे घालवायला सुरुवात केली तरी लोक उठेनात. आजवर दिलेल्या व्याख्यानांत मला तेच सगळ्यांत चांगलं वाटतं.

मामांना नंतर दोन वर्षं मिळाली, आणि ती त्यांनी खाऊनपिऊन, भांडून, नातीला दशांश अपूर्णांक शिकवून घालवली. मग गाठ यकृतात उगवली. आमच्या विषयात पुढे खूप काही होणार आहे, याबद्दल मला शंका नाही. मामांपर्यंत ते वेळेत पोचलं नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं.

महिन्याच्या विधीला मी श्रीरामपूरला गेले होते. पाहुणे पांगल्यावर मामी म्हणाली, चल जरा, पलीकडे जाऊन येऊ. पलीकडे फिलिपभाऊ राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. नुकतंच त्यांच्या घशाच्या गाठीचं निदान झालंय, आणि कुणीतरी मोबाईलवर पाठवलेलं वाचून त्यांनी चार दिवसांपासून भाकरी, भात, साखर सगळं बंद केलं होतं. चार माणसांत मामीने तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिने आधी डायबेटीस आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली आणि साखर घातलेला, सुपारीएवढं तूप सोडलेला वाटीभर रव्याचा शिरा करून घेऊन आली. फिलिपभाऊंनी वाटी दूर सारली. साखर चालत नाही, गाठ वाढते म्हणाले. मामीने वाटी परत पुढे केली.

"डॉक्टरला इचारा, तेबी हेच सांगतील. गाठीसंगं लढायचं तर अंगात बळ पायजे."

"कोन म्हनतं?" फिलिपभाऊंनी विचारलं.

मी तिथेच बसले होते, या विषयातली डॉक्टरेट घेऊन. मामीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या घरचे केमिस्ट म्हनतात," ती म्हणाली, आणि चमचा त्यांच्या हातात दिला.