दहा गुणांच्या टिपा

आमच्या संगणक मंडळातल्या ऑपरेटरबाईंबद्दल लिहायला बसलो की माझं तोंड कडू होतं. त्यात बाईंचा काडीचाही दोष नाही.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. मंडळाकडे चाळीस वर्षांपूर्वीचा, हौशी लोकांसाठी काढलेला एक संगणक होता. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, पडदा म्हणून जुना टीव्ही आणि प्रोग्राम ठेवायला कॅसेट. वर्षानुवर्षं बंद पडलेला. बाईंनी एकेक बटण उपटून स्पिरिटने पुसलं, टेपरेकॉर्डरचं हेड साफ केलं आणि त्याला उठवलं. "याला गोंजारावं लागतं, नाहीतर रुसून बसतो," म्हणायच्या. त्यांच्याखेरीज कोणी त्याला हात लावत नसे.

यंदा मंडळाने स्पर्धा ठेवली. जिंकेल त्याने यंत्र कायमचं न्यायचं. अट एकच: प्रोग्राम याच यंत्रावर, याच्याच असेम्ब्लरने तयार केलेला हवा. असेम्ब्लर म्हणजे आपण लिहिलेल्या तुटक आज्ञांचे यंत्राला कळणारे आकडे करून देणारा प्रोग्राम. तो कॅसेटवरून भरायलाच अकरा मिनिटं लागतात. वर तो अर्धी मेमरी अडवून बसतो. उरलेल्या अर्ध्यात तुमचा सगळा मजकूर एकदम मावला तर मावला.

बाईंनी जुन्या एक्स्चेंजचा खेळ लिहिला. दिवा लागला की वायर जोडायची, उशीर झाला की गिऱ्हाईक खवळतं. दोन महिने त्या रोज दुपारी खपत होत्या. एकदा कॅसेटवर उतरवण्याआधीच त्यांनी खेळ चालवून पाहिला आणि त्याने मेमरीतला स्वतःचाच मजकूर पुसून टाकला. कपाळाला हात लावून बाई पुन्हा पहिल्या ओळीपासून बसल्या. जागा पुरेना, तेव्हा कुठली ओळ काय करते हे सांगणाऱ्या टिपा त्यांनी एकूण एक काढून टाकल्या आणि वहीत उतरवून ठेवल्या.

परीक्षक मी होतो, मंडळाचा चिटणीस. टिपांना दहा गुण होते. बाई वही घेऊन आल्या.

"टिपा प्रोग्राममध्येच हव्यात, बाई. नियम आहे."

"अहो, पण मावत नाहीत ना त्यात!"

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो आणि शून्य दिलं. काय तो माझा तोरा!

दुसरा प्रोग्राम आमच्या अध्यक्षांचा. त्यांचं फ्रिजचं शोरूम आहे आणि मंडळाची खोलीही त्यांचीच. त्यांनी एकतीस पानांची छापील प्रत दिली. प्रत्येक आज्ञेवर तीन-तीन ओळींच्या टिपा, मधूनमधून विनोदसुद्धा. तिसऱ्याच पानावर मला कळलं की हा मजकूर त्या यंत्रात चौपट जागा असती तरी मावला नसता. घरच्या लॅपटॉपवर बसून केलेला प्रकार. मला शिसारी आली. पण खोली आठवली आणि मी मूग गिळले. टिपांना दहापैकी दहा दिले. बाई सहा गुणांनी हरल्या.

बक्षिसाच्या दिवशी बाईंनी यंत्र पुसून, वायरी गुंडाळून, कॅसेटवर चिठ्ठ्या चिकटवून आणलं. अध्यक्षांनी यंत्राला हार घातला, फोटो काढले, भाषण ठोकलं. "त्या असेम्ब्लरशी झुंजताना माझ्या नाकी नऊ आले," म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग कोणीतरी म्हणालं, "दाखवा की चालवून!"

अध्यक्ष यंत्रापुढे बसले. त्यांनी ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग बाईंकडे वळून हळूच विचारलं, "याचं बटण कुठंय हो?"

मला वाटलं, आता तरी कोणी बोलेल. सगळे छताकडे बघायला लागले, मी गुणपत्रिकेकडे.

बाईंनी मागचं बटण दाबलं. टेबलावरची एकतीस पानं उचलून तिथेच उभ्याने दोन-चार चाळली. मग माझ्यासमोर आल्या.

"हे तुम्ही सगळं वाचलं होतंत?"

"हो."

"आणि तुम्हाला कळलं होतं?"

मी गुणपत्रिकेची घडी घालायला लागलो. बाईंनी पिशवीतून ती वही काढून माझ्या हातात दिली.

"ठेवा. मावत नव्हत्या त्या यात आहेत," म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

यंत्र आता शोरूममध्ये दोन फ्रिजच्या मधे, काचेच्या पेटीत आहे. वायर जोडलेली नाही. वही माझ्या कपाटात आहे. मी ती अजून उघडलेली नाही.