जिन्यातला थांबा

डेपोत तिला सगळे फुंकाबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकात असेल, पण तिथे कोण बघायला जातंय! ड्यूटीवर निघालेला प्रत्येक ड्रायव्हर आधी तिच्या खिडकीशी यायचा, ती दारू तपासायच्या यंत्राची नळी पुढे करायची आणि एकच शब्द बोलायची, "फुंका." शून्य आलं तर गाडी, नाहीतर घरचा रस्ता. बारा वर्षांत तिच्या हातावर तुरी देणं एकालाही जमलं नव्हतं. यंत्र नंतर बोलायचं. हिला माणूस फाटकातून आत येतानाच कळायचा.

हे शिक्षण वडिलांनी दिलं होतं, तेही फुकट. वडील पिऊन येत. लहानपणी ती दारामागे उभी राहून जिन्यातली पावलं ऐकायची. दोन्ही पावलं सारखी पडली तर अभ्यास चालू. एक घासत आलं तर दप्तर पलंगाखाली आणि त्याच्यामागोमाग आपणही. बाटलीवर ती पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची. किती उतरली त्यावरून संध्याकाळ कशी जाणार ते कळायचं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तरी पेन्सिल काही सुटली नाही; खोकल्याच्या औषधावरसुद्धा रेघ असायची.

नवरा सुतार, दारूच्या थेंबालाही न शिवलेला. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तर पोटच फुंकण्यावर चाललेलं. नवरा हसला तर का हसला? गप्प बसला तर का बसला? आणि हल्ली सारखी लवंग कशाला चघळतोय? "दाढ दुखतेय गं," तो म्हणायचा. दुखतही असेल. पण वडीलही लवंगच चघळायचे.

संध्याकाळी घरी येताना ती जिन्याच्या शेवटच्या वळणावर, दारापासून सात पायऱ्या खाली, श्वास रोखून थांबायची. आत आवाज चढलाय का, काही पडलंय का, कानोसा घ्यायची. कधीच काही ऐकू यायचं नाही, आणि तिला नेमकं तेच खुपायचं. घरात नवरा आणि नऊ वर्षांची लेक असताना घर इतकं चिडीचूप? काहीतरी पाणी मुरतंय.

वरच्या फळीवर नवऱ्याची पॉलिशच्या स्पिरिटची बाटली असायची. तिच्यावरही रेघ होतीच. एका सोमवारी स्पिरिट रेघेच्या दोन बोटं खाली दिसलं. आदल्या आठवड्यात त्याच्याकडे पॉलिशचं काम नव्हतं, हे तिने गोड बोलून आधीच काढून घेतलं होतं. चोर सापडल्याचं समाधान वगैरे काही नाही, रडूच आलं. यंत्रावर आकडा आला तर लेकीला घेऊन निघायचं, तिने ठरवलं. आपल्या आईला जे जमलं नाही ते आपण करायचं.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्यांदाच डेपोचा नियम मोडला आणि यंत्र पिशवीत घालून घरी आणलं. वळणावर थांबली. आत चिडीचूप. बेल वाजवून आत शिरताच ती थेट नवऱ्यासमोर उभी राहिली.

"फुंका."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"स्पिरिट दोन बोटं कमी झालंय."

"झाकणाचे आटे गेलेत त्याच्या. उडून जातं ते."

स्पिरिट उडतं हे तिला माहीत नव्हतं थोडंच! डेपोतलं टेबल ती रोज त्यानेच पुसायची. "फुंका," ती पुन्हा म्हणाली.

त्याने फुंकलं. शून्य. तिने परत फुंकायला लावलं. परत शून्य.

कोपऱ्यात उभी असलेली लेक पुढे आली आणि तिने नळीपाशी तोंड नेलं. "आता मी?"

"तू कशाला गं?"

"शून्य आलं की तू चिडणार नाहीस ना, म्हणून."

"मी कधी चिडते?"

लेकीने बाबाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"रोज नाही," लेक म्हणाली. "पण तू जिन्यात थांबलीस की आम्हाला कळतं. चपला वाजायच्या बंद होतात ना. मग आम्ही टीव्ही बंद करतो. बाबा पेपर घेतात. मी दप्तर पलंगाखाली सरकवते, पसारा दिसायला नको."

फुंकाबाईने यंत्र परत पिशवीत ठेवलं. एक थेंबही न पिता ती इतकी वर्षं वडिलांच्याच पावलांनी हा जिना चढत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

यंत्र सकाळी डेपोत परत गेलं. घरातल्या बाटल्यांवरच्या रेघा तिने पुसल्या. स्पिरिटच्या बाटलीवरची पुसायला मात्र चार दिवस लागले. आणि संध्याकाळी ती न थांबता जिना चढू लागली. वळणावर पाय अडायचे, तरी चढायची. पहिल्या दिवशी तिची चाहूल लागताच टीव्ही बंद झाला. दुसऱ्या दिवशीही. पुढचे दोन आठवडे रोज.

मग एका संध्याकाळी तिने बेल वाजवली तर कुणी दार उघडेना. आत टीव्ही मोठ्याने चालू होता आणि बापलेक खो खो हसत होते. कशाला एवढं हसतायत, हे मनात आलंच. तिने पुन्हा बेल वाजवली.