दुसरा पाय

उरोमाची बसायची जागा ठरलेली, दारातली. भुईत खणलेल्या त्या घरात उजेड काय तो दारातनंच यायचा, आणि बाणांची टोकं घडवणाऱ्यालाच तो मिळायचा. बाकीच्यांनी धुरात बसायचं. बाप खपल्यापासून ही जागा त्यानं सोडली नव्हती. आता दुखरं मनगटच सोडायला लावत होतं.

उद्या गडी रानडुकराच्या मागं निघणार होते आणि एक टोक कमी होतं. सकाळपासून दोन मोडली, ती त्यानं गुपचूप मांडीखाली सारली. काळ्या काचदगडाचा हा शेवटचा चांगला तुकडा. हाही मोडला तर साऱ्या वस्तीला कळणार होतं.

तळव्यावर कातडं, त्यावर दगड, अन् हरणाच्या शिंगाच्या टोकानं कडेला रेटा. शेंडा निघाला, धार आली, बुडाशी खाच घेऊन तिच्या एका बाजूचा टोकदार पाय झाला. राहिला दुसरा. मोडतो तो नेमका हाच, सगळं अंग घडून झाल्यावर.

बायको नोही कपच्या वेचत आली. पोरांच्या पायात जायच्या म्हणून त्या रोज लांब खड्ड्यात टाकायच्या.

"आवं, मांडीखालचं द्या."

"काय न्हाय तिथं."

"मग सारखं बूड कशापायी हलवताय?"

त्यानं मोडकी काढून दिली.

"लगीन झाल्यापास्नं तुमचं झाडतीय म्या. आधी माशाच्या खवल्यागत पातळ कपच्या पडायच्या. औंदा नखागत जाड पडत्यात."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी सांगताय का बघत हुते."

उरोमानं मनगट चोळलं.

"हिकडं ये. म्या धरतो, तू रेट."

"म्या?"

"मग काय डुकराला बोलवू?"

ती बसली. त्यानं शिंगाचं टोक जागेवर टेकवून दिलं. "हातानं न्हाय. खांद्यातनं वजन दे. हां."

कपची पडली. खवल्यागत पातळ. मग आणखी एक. पाय सुटा झाला, मोडला नाही.

"आखूड झालाय," नोही म्हणाली.

"डुकराला मोजायला सवड न्हाय गावायची."

तिच्या हातावर त्याची सावली पडत होती. दारातली जागा तिला सोडून तो उठला, गुडघे कडकडले. आत धुरात जाऊन खांबाला टेकून बसला.

"आवं, ह्या कपच्या?"

"झाडतो," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.