रेशमाच्या मिलमधलं बोलणं

चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीच्या पाठीमागं रेशमी कापडाची एक मिल होती. बंद पडून इतकी वर्षं झाली की गेटच्या भिंतीत पिंपळ उगवला आणि चांगला मोठाही झाला. मालकांच्या घरच्यांनी ती जागा कलाकेंद्रासाठी द्यायची ठरवली आणि आम्ही पेटेतले लोक कमिटी करून कामाला लागलो. नाच, गाणं, कन्नड नाटक, आमच्या मंडळाचं मराठी नाटक, सगळ्यांना एक छप्पर. कामावर देखरेख माझ्या गळ्यात पडली. का, ते उघड आहे. मी शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, आणि माझं तोंड वाजतं. माझ्याशी वाद घालायला सुतार, पेंटर, लाइटवाले, कुणीच धजत नाही.

माग केव्हाच भंगारात गेले होते. मोठ्या हॉलमध्ये उरले होते ते फक्त जमिनीतले बोल्टचे खड्डे आणि लोखंडी खांब. त्या खांबांवर तेलाचे डाग होते. पांढरा रंग दिला की काही दिवसांत डाग परत वर यायचे. मी पेंटरला फैलावर घेतलं, म्हटलं, रंगात पाणी किती घालतोस रे बाबा? तो बिचारा म्हणाला, "अक्का, तुमच्यासमोर डबा फोडला की!" मग मी स्वतः जवळ जाऊन पाहिलं. सगळे डाग माणसाच्या डोक्याच्या उंचीवर होते. काही जरा वर, काही खाली. कामातून क्षणभर मोकळं झालं की माणसं तिथं डोकं टेकून उभी राहायची, त्यांच्या केसांचं खोबरेल लोखंडावर बसलेलं. ते मला कळलं आणि मी खांबाला लावलेला हात काढून घेतला.

त्यानंतर आवाजाचं सुरू झालं.

आमच्या मंडळाची वाचनाची तालीम होती. बाहेर लख्ख ऊन, करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या काचांतून खाली एकसारखा उजेड येत होता. मी मागं बसून चहा पीत होते. हळूहळू लक्षात आलं, वाचन ऐकू येत नाहीये. वर पाहिलं तर नाटकातली बायको वाक्य म्हणत होती, ओठ नीट हलत होते, आवाज नव्हता. ती थांबली की नवरा बरोब्बर उत्तर द्यायचा, तेही तसंच, नुसत्या ओठांनी. दोघं रंगात आले होते. मी ओरडले, "मूग गिळलेत का रे सगळ्यांनी?" सगळे दचकले. आपला आवाज गेलाय हे त्यांच्यापैकी एकालाही कळलं नव्हतं. हसले, पाणी प्यायले, मोठ्यानं वाचू लागले, आणि पान उलटायच्या आत पुन्हा तेच.

ते हसले, मला हसू येईना. कारण ते बोलणं मला लहानपणापासून माहीत होतं.

माझे अप्पा याच मिलमध्ये माग चालवायचे. आई याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला मागासाठी धाग्याच्या कांड्या भरायची. सगळे माग सुरू असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथली माणसं आवाजाशिवाय बोलायची. तोंड मोठं करून शब्द दाखवायचा, हातांनी उरलेलं सांगायचं, आणि समोरच्यानं हॉलच्या त्या टोकावरून ते वाचायचं. माझ्या आईबापांचं लग्नसुद्धा असंच ठरलं, आठ-दहा मागांच्या डोक्यांवरून. पुढं अप्पांचे कान गेले, मिलमध्ये सगळ्यांचेच जायचे, आणि घरातही तेच बोलणं सुरू राहिलं. स्वयंपाकघरातून आई ओठ हलवायची, ओसरीवरून अप्पा उत्तर द्यायचे, मध्ये मी अभ्यास करत बसलेली. पानं वाढली, पाणी आण, आज उशीर होईल, एवढं मला समजायचं. पण माझ्यापासून काही लपवायचं असलं की दोघं असा वेग घ्यायचे की माझ्या हाती काही लागायचं नाही. माझ्या नावाऐवजी त्यांनी एक खूण केली होती: मिरची चावल्यावर करतात तसं तोंड आणि ओठांपुढं हलवलेली बोटं. ती खूण दिसली की मी पाय आपटायची. ते दोघं अजून हसायचे.

आई गेल्या वर्षी गेली. दहावं-बारावं झालं, पाहुणे गेले, आणि अप्पांनी बोलणं सोडलं. आवाजानं नाही, ओठांनी नाही, हातानं नाही. डॉक्टर म्हणाले घशाला काही झालेलं नाही, मेंदूचा फोटो चांगला आहे, वेळ द्या. किती द्यायचा? मी समोर बसून मोठं तोंड करून विचारायची, "अप्पा, भात वाढू?" ते माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मग भिंतीकडं. मी चिडायची, मग न्हाणीघरात जाऊन रडायची, मग पुन्हा तूप वाढायला यायची. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता, दुसरं काही नको. शिवी दिली असती तरी पेढे वाटले असते.

म्हणूनच त्या तालमीनंतर मी अप्पांना मिलमध्ये घेऊन गेले. भीती वाटत होती, पण शब्दाची हाव जास्त होती.

दारातून मी सरळ चालू लागले, हॉल रिकामाच तर होता. अप्पा सरळ आले नाहीत. ते डावीकडं वळले, थोडं चालले, अंग चोरून तिरके सरकले, मग उजवीकडं वळले. कोपरा आला की हात पोटाशी घ्यायचे, मागाच्या फिरत्या पट्ट्यात सदरा अडकू नये म्हणून घ्यावा तसा. नसलेल्या मागांना वळसे घालत ते आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. समोर बघितलं. आणि इतक्या महिन्यांनी त्यांचे ओठ हलले.

मी जागच्या जागी रडायला लागले. देवाचं नाव घेतलं, हसले, पुन्हा रडले. मग डोळे पुसून बघितलं तेव्हा कळलं, ते माझ्याकडं बघत नव्हते. हॉलच्या पलीकडच्या टोकाला, शेवटच्या खांबाच्या बाजूला बघत होते. बोलायचे, थांबायचे. ती थांबण्याची तऱ्हा मी ओळखते. समोरचा बोलत असला की माणूस असाच थांबतो, भुवया वर करून. मग मान हलली, ओठ म्हणाले, "सरी, सरी," बरं, बरं, आणि ते खुदकन हसले. पलीकडं पांढरी भिंत आणि पेंटरचा चढायचा रिकामा लाकडी घोडा होता.

तिथून पुढं रोज नाश्ता झाला की अप्पा चपला घालून दारात उभे. घरात अजून मुके, मिलमध्ये बोलके. सुतारांना सवय झाली. मला मात्र सवय होईना. मी एका बाजूला स्टूल टाकून बसायची आणि त्यांचे ओठ वाचायचा प्रयत्न करायची. जेवलीस का. पाय दुखतो का अजून. थांब, धागा तुटला. तिचं उत्तर मला दिसायचं नाही, पण अप्पांच्या चेहऱ्यावर पडलेलं दिसायचं. एकदा ते रागावले, एकदा लाजले. माझा बाप लाजला, ऐंशीच्या घरातला! मी मान वळवली.

हॉलच्या त्या टोकाला सकाळी नृत्याचा वर्ग सुरू झाला होता. शिकवणारी बाई कन्नड, वयानं माझ्याएवढीच, बोलायला गोड आणि बिलकूल भित्री नाही. तिनं मला एकदा बाजूला घेतलं. म्हणाली, "अक्का, रागावू नका, एक विचारू? त्या खांबापाशी तुम्ही काही ठेवलं होतं का? माझ्या वर्गातल्या बायका ओळीत उभ्या राहतात तेव्हा ती एक जागा सोडतात. मी सांगितलेलं नाही. मी पुढं सरका म्हटलं तर सरकतात, आणि नाच सुरू झाला की जागा पुन्हा मोकळी." मी म्हटलं, "अय्यो, जमीन ओबडधोबड असेल तिथं." जमीन मी स्वतः उभं राहून गुळगुळीत करून घेतली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि टाळ्या वाजवून बायकांना पुन्हा ओळीत उभं केलं.

घरी आल्यावर मी अप्पांना पोहे दिले. ते भिंतीकडं बघत बसले. मला भीतीपेक्षा राग जास्त आला, खरं सांगते. आई गेली तेव्हा मी काय दगडाची होते? तिची कूस बदलायची, तिला भरवायचं, सगळं मीच केलं. आणि आता ती बोलणार ते यांच्याशीच, हे बोलणार ते तिच्याशीच, आणि मी पुन्हा मध्ये अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेली!

उद्घाटन जवळ आलं होतं. एका सकाळी हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो, नाचाच्या वर्गाला सुट्टी होती आणि सुतार नाश्त्याला गेले होते. अप्पा आपल्या जागेवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी मिरचीची खूण केली. मग पुष्कळ वेगानं काहीतरी सांगितलं, थांबले, पलीकडचं उत्तर वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी चटकन उठले. माझ्याबद्दल काय बोलणं चाललंय? माझ्याबद्दल, माझ्यादेखत, आणि मला कळू नये?

मी तरातरा चालत त्या टोकाला गेले. खांबापाशी आल्यावर पाय जरा अडखळले. उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा तापलेला, आणि तिथं गार होतं, पहाटे न्हाणीघरात असतं तसं गार. ओल्या केसांचा वास आला. मी दात आवळले आणि त्या मोकळ्या जागेच्या अगदी पुढं, अप्पांच्या समोर उभी राहिले. माझं गणित साधं होतं. ते इथं बघून बोलतात ना? मग मीच इथं उभी राहते. बोलतील माझ्याशी.

मी तोंड मोठं केलं आणि आवाज न करता म्हटलं, "अप्पा, मी आहे. माझ्याशी बोला."

त्यांचे ओठ थांबले. त्यांनी मान डावीकडं केली, मग उजवीकडं. मी हात हलवले. माझ्या पाठीशी कुणीतरी, अगदी शांतपणे, मी सरकायची वाट बघत होतं. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. मी जीव खाऊन ओरडले, "अप्पा! माझ्याशी एक शब्द बोला हो!"

आता त्यांनी मला पाहिलं. खरोखर पाहिलं, मी लहान असताना बघायचे तसं, जरा वैतागून, पुष्कळ मायेनं. आणि ते बोलले. आवाजानं बोलले. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, वापर नसल्यानं घोगरं, पण माझ्या बापाचाच आवाज. सगळ्या हॉलमध्ये घुमला.

"स्वल्प बाजूला हो गं बाळा. ती दिसत नाही मला."

मी बाजूला झाले.