अमर-इटस सर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चहाला बसलं की एक जण सांगतो, दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही," आणि बघता बघता ढीग होतो! आमच्या इतिहास विभागाचे किस्से मात्र मी सहसा पाहुण्यांना सांगत नाही. लोक आधी खो खो हसतात आणि मग उगाच मागं वळून बघतात. तुम्ही आपले, म्हणून सांगते.

*

शिरसाठ सर रिटायर झाले तेव्हा शाल, नारळ, भाषणं, सगळं साग्रसंगीत झालं. मी तर रडले! दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या वेळेला छत्री टेकत हजर. क्लार्क मॅडम किंचाळल्याच, "अहो सर, काल निरोप दिला ना तुम्हाला!"

"निरोप पोचला," सर म्हणाले. "मी इथंच आहे."

विद्यापीठानं त्यांना एमेरिटस प्रोफेसर केलं होतं. म्हणजे पगार नाही, हजेरी नाही, पण मान आहे, खोली आहे आणि संशोधन चालू. आमच्या शिपायाला, कचरूमामांना हे काही झेपेना. "मॅडम, ह्ये अमर-इटस म्हंजी काय असतंय?"

मी सांगितलं, रिटायर झाल्यावरही काम करत राहायचं.

मामा विचारात पडले. "म्हंजी आता सरांना सुट्टीच नाय? मेल्यावरबी?"

तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. सरांचं नाव 'अमर सर' पडलं ते तेव्हापासून.

*

एमेरिटसची खोली एकच आणि खुर्चीही एकच. आधी तिथं देशमुख सर बसायचे. लेख लिहिता लिहिता त्याच खुर्चीत गेले बिचारे. शिरसाठ सर त्या खुर्चीत कधीच बसले नाहीत. त्यांनी खिडकीपाशी स्टूल टाकलं. आम्हाला वाटलं, ज्येष्ठांचा आदर!

पुढं एकदा तपासणीला समिती आली. अध्यक्ष खुर्ची ओढून बसणार, तेवढ्यात सर म्हणाले, "जरा थांबता का? देशमुख सरांचं वाक्य संपत आलंय."

सगळे हसले. अध्यक्ष तर सगळ्यात मोठ्यानं हसले. पण बसले नाहीत!

*

सरांना डायबेटिस. एक दिवस त्यांच्या मिसेस तावातावानं विभागात आल्या. "यांना इथं साखरेचा चहा मिळतो म्हणे!"

मामांनी गळ्याला हात लावला. "आईची आन, वहिनी! सरांचा बिनसाखरेचाच असतो. साखरेचा कप त्या खुर्चीवाल्या सरांचा."

वहिनी खुर्चीकडं बघत राहिल्या. "पितात?"

"मंग! कप रिकामाच येतो."

वहिनी आल्या तशा निघाल्या. दारातून मात्र मामांना म्हणाल्या, "नुसता चहा नका देऊ हो त्यांना. दोन बिस्किटं ठेवत जा."

*

सरांचा विषय म्हणजे शहराखालची जुनी नहर, जमिनीच्या पोटातून पाणी आणणारी. हर्सूलकडं तिच्यावर एक पडका मनोरा आहे, हवा खेळायला बांधलेला. सर पोरांना तिथं घेऊन गेले. मीही होते. त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी रेश्मा, लासूर स्टेशनची, मोठी धीट. मनोऱ्याच्या भोकात तोंड घालून ओरडली, "हॅलोऽऽ!"

खालून आवाज आला, "बोला."

भर दुपारी आम्ही सगळे गार! सरांनी घसा खाकरला, भोकाकडं वाकून अदबीनं म्हणाले, "आज काही काम नाही, सहज आलो होतो." मग आमच्याकडं वळून, "तयारी नसताना विचारू नये."

*

आणि आता रेश्माचा व्हायवा. तिच्या वडिलांचं मोंढ्यात धान्याची पोती उचलायचं हमालीचं काम. घरात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. कॉलेजात एक जागा निघाली होती आणि मुलाखतीआधी पदवी हातात हवी होती. गाईड हजर नसेल तर व्हायवा पुढं ढकलायचा, असा आमच्याकडचा शिरस्ता. आणि नेमके त्याच आठवड्यात सर दवाखान्यात! पोरगी माझ्यासमोर ढसाढसा रडली. मी कुलगुरूंपर्यंत जाऊन भांडले, तेव्हा सरांना ऑनलाइन हजर राहायची परवानगी मिळाली.

त्या दिवशी माझाच जीव टांगणीला लागला होता. वेळ झाली तरी पडदा काळा. बाहेरगावचे परीक्षक घड्याळ बघायला लागले.

आणि पडद्यावर सर आले! चेहरा जरा ओढलेला, पण आवाज खणखणीत. परीक्षकांनी रेश्माला सोलून काढलं. तिनंही एकेक उत्तर असं दिलं की वा! शेवटी गाईडला विचारायची पद्धत आहे, तसं परीक्षकांनी विचारलं, "सर, आपलं काय मत?"

"माझं समाधान झालं," सर म्हणाले. "आता हिला मोकळी करा."

टाळ्या झाल्या. पदवी जाहीर झाली. रेश्माचे वडील डोळे पुसत एकेकाच्या तोंडात पेढा घालत सुटले. माझेही डोळे वाहत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. सरांचा मुलगा होता.

"मॅडम, सॉरी, लई सॉरी! सकाळपासनं वॉर्डात नेटच नाय, आम्हाला जॉइनच होता आलं नाय. बाबा कवाचे इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. विचारतायत, व्हायवा कधी सुरू करायचा?"