लाल स्ट्रट बार
जळक्या रबराचा वास आला की मला सेलूजवळचं ते वळण आठवतं. मित्राने जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती आणि ती वळणावर हलू नये म्हणून बॉनेटखाली लाल स्ट्रट बार, म्हणजे एक आडवा दांडा, बसवून घेतला होता. मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, टायर गुळगुळीत झाले, पहिले ते बदलवा. दांड्यानं पकड येत नाई." मित्राने ऐकलं नाही. "पाह्य आता कशी वळते," म्हणत त्याने वेग वाढवला आणि गाडी घसरून कपाशीत घुसली. कापूस वेचणारी म्हातारी घाबरून मागे सरताना पडली आणि मनगट धरून कण्हू लागली. मित्राने उतरून आधी बॉनेट उघडलं. "दांड्याले काई झालं का?" त्याने मला विचारलं. म्हातारीकडे जायचं सोडून मी डोकावून पाहिलं आणि "नाई," म्हणालो. त्या उत्तराची मला आजही किळस येते.